कुलाबा बेटावरची हवा : आठवड्याचा अंदाज आपल्या बांधापर्यंत कसा आला



मंगळवार आणि शुक्रवार हे कृषी हवामान सल्ल्याचे वार. पुढचे पाच दिवस पाऊस किती, वारा कुठून, आर्द्रता किती, फवारणी करावी का थांबावं, एवढं त्यात असतं. आपल्याकडे त्यावर दोन प्रकारची माणसं आहेत. एक म्हणतात, "वेधशाळेने पाऊस सांगितला ना, मग खुशाल भात झोडायला घ्या." दुसरी माणसं सल्ल्यातला शब्द न् शब्द पंचांगासारखा खरा धरतात आणि चुकला की शिव्या देतात. दोघांचंही नुकसान होतं. हा आठवड्याचा अंदाज आला कुठून, कोणासाठी सुरू झाला आणि शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला किती वर्षं लागली, हे कळलं तर तो वाचायचा कसा हे आपोआप कळतं. म्हणून आज इतिहास लिहितोय.

सुरुवात एका बेटापासून. नाव कुलाबा. आम्ही अलिबागकर कुलाबा म्हटलं की आमच्या समुद्रातला किल्ला समजतो, आणि जुन्या माणसांना जिल्हा आठवतो, कारण १९८१ साली रायगड नाव होईपर्यंत आमचा जिल्हा कुलाबाच होता. पण मी म्हणतोय तो मुंबईचा कुलाबा. मुंबई सात बेटांची होती, त्यातलं अगदी दक्षिणेचं हे बेट. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने तिथे वेधशाळा बांधली. तेव्हा कुलाब्याला जायला सलग रस्ताही नव्हता. समुद्रात भर टाकून केलेला रस्ता १८३८ साली पुरा झाला.

ही वेधशाळा पावसासाठी नव्हती, शेतीसाठी तर नाहीच. ती होती ताऱ्यांसाठी आणि घड्याळांसाठी. भर समुद्रात आपण कुठे आहोत हे गलबतवाल्याला कळायचं तर त्याच्याजवळचं घड्याळ अचूक पाहिजे, आणि ते घड्याळ बंदरात लावून घ्यायला वेधशाळा पाहिजे. हवेच्या आणि चुंबकत्वाच्या नियमित नोंदी तिथे १८४१ पासून सुरू झाल्या. त्या कामावर एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार होते. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ ही वेधशाळा सांभाळली. आणि अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे कोवळ्या वयात तिथे नोकरीला लागले. पुढे ते मोठे गणिती झाले, लोकमान्य टिळकांचे गुरू झाले. त्यांच्या आयुष्याचा पहिला धडा मात्र रोजच्या रोज तापमापक आणि वायुभारमापक वाचून वहीत आकडा लिहिणे हा होता. नारळी-पोफळीच्या गावातला पोरगा बेटावर बसून हवेचा जमाखर्च लिहीत होता, ही आम्हा अष्टागरवाल्यांना अभिमानाची गोष्ट आहे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. वहीत आकडे लिहिले म्हणजे अंदाज होत नाही. कुलाब्याला वाऱ्याची दिशा बदलली, हवेचा दाब उतरला, हे कुलाब्याला बसलेल्या माणसाला कळलं. पण रत्नागिरीला काय चाललंय, वेरावळला काय चाललंय हे त्याला कळायला टपाल यावं लागायचं, आणि टपालाच्या आधी वादळच येऊन जायचं. ही अडचण तारेने सोडवली. १८५४ साली मुंबई, आग्रा आणि कलकत्ता तारेने जोडले गेले. वादळ पळतं त्यापेक्षा बातमी जोरात पळायला लागली, तेव्हाच हवामानाचा अंदाज ही गोष्ट शक्य झाली.

जगात पहिला रोजचा छापील अंदाज लंडनच्या 'टाइम्स'मध्ये १ ऑगस्ट १८६१ रोजी आला. तो देणारे फिट्झरॉय हे आरमारातले अधिकारी. १८५९ च्या वादळात 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज ब्रिटनच्या अँगलसी बेटावर आपटून चारशेहून जास्त माणसं बुडाली, त्यानंतर हा कारभार सुरू झाला. म्हणजे तिथेही कारण जहाजाचंच.

आपल्याकडे तेच झालं. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. हुगळीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी भिंतीसारखं आत शिरलं आणि हजारोंनी माणसं गेली. दुसऱ्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची सोय झाली. पुढे १८६६ आणि १८७१ ला पावसाने दगा दिला. वादळ आणि दुष्काळ असे दोन्हीकडून फटके बसल्यावर सरकारने १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन केला आणि ब्लॅनफर्ड नावाच्या माणसाला त्यावर नेमलं. लगेच १८७६ ते ७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ आला. सोलापूर, विजापूरकडच्या लोकांनी त्यात काय सोसलं ते आपण ऐकून आहोत.

किनाऱ्यावरच्या माणसासाठी या सगळ्यातून आली ती बावट्याची पद्धत. बंदरावर किती नंबरचा बावटा लागला हे आमचे कोळी बांधव आजही बघतात. तीन नंबर म्हणजे जोराचा वारा, समुद्र खवळलेला. आठ, नऊ, दहा म्हणजे महाधोका. अकरा नंबरचा अर्थ फार कमी लोकांना माहीत असतो. त्याचा अर्थ असा, की इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे. बातमी येणं थांबलं हाच सगळ्यात वरचा इशारा. जुन्या लोकांनी हे फार विचार करून ठेवलंय असं मला वाटतं.

पण बावट्याला मर्यादा होती. १८८८ च्या नोव्हेंबरात 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून गुजरातेत तिला 'वीजळी' म्हणतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ती चक्रीवादळात सापडली आणि सातशेहून जास्त माणसांसकट नाहीशी झाली. तेव्हा बिनतारी यंत्रणा नव्हती. बोटीने बंदर सोडलं की मग बावटा दाखवून उपयोग नाही, तो बघणार कोण? इशारा किती आधी मिळतो आणि माणूस जिथे आहे तिथे पोहोचतो का, हे दोन प्रश्न तेव्हा होते आणि आजही तेच आहेत.

आता गंमत बघा. आठवड्याच्या अंदाजाच्या कितीतरी आधी पूर्ण मोसमाचा अंदाज आला. हिमालयात बर्फ जास्त पडलं की आपल्याकडे पाऊस उणा, असा आडाखा ब्लॅनफर्डने बांधला आणि १८८६ साली मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज दिला. तो कधी जुळला, कधी फसला. १८९९ साली तर चांगल्या पावसाचा अंदाज होता आणि पडला छप्पन्नचा दुष्काळ. त्यानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणिती प्रमुख म्हणून आले. प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब चढला की दुसरीकडे उतरतो, आणि त्याचा आपल्या पावसाशी संबंध असतो, हे त्यांनी जगभरच्या नोंदी मांडून दाखवलं. आज आपण 'एल निनो' म्हणून जे ऐकतो त्याचा एक धागा तिथला आहे.

त्याच १९०४ साली कुलाबा आणि अलिबाग आणखी एका गोष्टीने जोडले गेले. मुंबईत विजेची ट्राम येणार होती. विजेच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय उपकरणं बिघडणार, म्हणून त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. हवेच्या नोंदी मात्र कुलाब्यालाच राहिल्या.

मग आठवड्याचं काय? ब्रिटिश काळात दर आठवड्याला पाऊसपाण्याचा आणि पिकांचा अहवाल निघत असे. मामलेदार कचेरीतल्या पर्जन्यमापकाचे आकडे त्यात जायचे. पण तो मागच्या आठवड्याचा हिशेब होता. सरकारला सारा किती वसूल होईल, दुष्काळी काम कुठे काढावं लागेल, हे कळण्यासाठी. पुढच्या आठवड्यात शेतकऱ्याने काय करावं हे त्यात नव्हतं. जहाजाला दोन दिवसांचा इशारा, सरकारला मोसमाचा अंदाज, आणि शेतकऱ्याला मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा ही नक्षत्रं आणि सहदेव भाडळीची वचनं. बराच काळ वाटणी अशीच होती.

नक्षत्रांना मी नावं ठेवत नाही. रोहिणीत राब तयार ठेवावा, मृगात पेरावं, हे शेकडो वर्षांच्या अनुभवाचं सार आहे. पण नक्षत्र सरासरी सांगतं. यंदाच्या आर्द्रेत बुधवारी पाऊस उघडेल का, हे त्याला सांगता येत नाही. आणि शेतीत पैसा जातो तो बुधवारीच. आवणीनंतर युरिया टाकला आणि रात्री मुसळधार आला, की खत वहाळात. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारलं आणि तासाभरात सर आली, की मोरचूदाचे आणि मजुरीचे पैसे पाण्यात. भात कापून आडवं पडलंय आणि दोन दिवस पाऊस लागला, की शेतातच कोंब. आपल्याला मोसमाच्या अंदाजापेक्षा आठवड्याचा अंदाज जास्त लागतो, आणि तोच सगळ्यात उशिरा आला.

का उशीर? याचं कारण सोपं करून सांगतो. मोसमाचा अंदाज हळू बदलणाऱ्या गोष्टींवर बेततात, जसं समुद्राचं तापमान, बर्फ. उद्याचा अंदाज आजच्या नकाशावरून बांधता येतो, वादळ इथे आहे, इकडे सरकतंय. पण पाचव्या-सातव्या दिवसाचं सांगायचं तर पृथ्वीभरच्या हवेचं गणित मांडून टप्प्याटप्प्याने पुढे ढकलावं लागतं. रिचर्डसन नावाच्या इंग्रजाने हे हाताने करून पाहिलं आणि १९२२ साली पुस्तक छापलं. सहा तासांच्या हवेचं गणित करायला त्याला आठवडे लागले, आणि उत्तरही चुकलं. १९५० साली अमेरिकेत पहिल्या मोठ्या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढला, त्याला जवळपास चोवीस तासच लागले. पुढे संगणक वेगवान झाले. पण १९६० च्या दशकात लॉरेन्झ या शास्त्रज्ञाला वेगळीच गोष्ट सापडली. सुरुवातीच्या आकड्यात दशांश चिन्हानंतर बारीक फरक केला तरी काही काळाने उत्तर पार बदलतं. म्हणून रोजच्या हवेचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जात नाही, संगणक कितीही मोठा आणा. ही हवेचीच मर्यादा आहे. आठवडा हा त्यातला भरवशाचा अर्धा भाग.

शेतकऱ्यासाठी आपल्या देशात काय झालं ते क्रमाने सांगतो. १९३२ साली पुण्यात हवामान विभागाची कृषी हवामान शाखा सुरू झाली. एल. ए. रामदास यांनी तिथे पीक आणि हवा यांचा अभ्यास उभा केला. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाचं बातमीपत्र सुरू झालं. १९७६ मध्ये राज्यांच्या मदतीने कृषी हवामान सल्ला सेवा आली. १९८८ मध्ये मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, त्यासाठी अमेरिकेहून 'क्रे' महासंगणक आणला. १९९१ पासून हवामान विभागवार अंदाज आणि त्यावर आधारित सल्ला देण्याचा प्रयोग सुरू झाला. कोकणात हे काम दापोलीचं कृषी विद्यापीठ करतं. २००८ पासून सल्ला जिल्हावार झाला आणि नंतर तालुक्यापर्यंत आला. म्हणजे बेटावर वेधशाळा बांधल्यापासून आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा सल्ला येईपर्यंत १८२ वर्षं गेली.

आता बेटाकडे परत येऊ, कारण अंदाज कुठे कमी पडतो हेही याच बेटाने शिकवलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एकाच शहरातली दोन केंद्रं, लोकलने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, आणि फरक बारा-तेरा पटींचा. समजा आदल्या दिवशी कोणी "मुंबईत अतिमुसळधार" म्हटलं असतं, तर सांताक्रूझवाला म्हणाला असता कमी सांगितलं, कुलाबेवाला म्हणाला असता उगाच घाबरवलं. किनाऱ्याला आणि बेटाला हे नेहमीचं आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, दिवसा खारा वारा आत, रात्री उलटा. संगणकाच्या गणितात जमिनीचे काही किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात, आणि ढग त्या चौकोनापेक्षा लहान असू शकतो. या पुरानंतर मुंबईला डॉप्लर रडार आलं. ते आजचा ढग दाखवतं, काही तासांपुरता इशारा द्यायला फार कामाचं. पुढच्या शुक्रवारचा ढग मात्र त्याला दिसत नाही.

चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. ते मोठं असतं, म्हणून आधी दिसतं. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, ऐन भाताच्या सुगीच्या शेवटी. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या थोडं दक्षिणेला धडकलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. इशारा आधी मिळाला होता, माणसं हलवली, म्हणून एवढ्या मोठ्या वादळात जीव वाचले. वाड्या नाही वाचल्या. माड आणि पोफळी उचलून आत नेता येत नाहीत. सुपारीचं नवं झाड धरायला सहा-आठ वर्षं लागतात. अंदाज बरोबर असूनही नुकसान होतं ते असं. म्हणून अंदाजाकडून काय मिळू शकतं आणि काय नाही, याचा हिशेब स्पष्ट पाहिजे.

या सगळ्यातून आठवड्याचा अंदाज वाचायची जी रीत निघते ती सांगतो.

पहिलं, शब्द नीट वाचा. "तुरळक ठिकाणी" म्हणजे विभागातल्या चार केंद्रांपैकी जेमतेम एका ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे जवळपास सगळीकडे. तुरळक म्हटलं आणि तुमच्याकडे पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही.

दुसरं, आकडा माहीत असू द्या. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार, २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

तिसरं, पहिल्या दोन दिवसांवर काम ठरवा, पुढच्या तीन दिवसांवर मजूर आणि सामान ठरवा. सहाव्या-सातव्या दिवसाचा फक्त कल घ्या. दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. त्यात पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढंच बघायचं. राब कधी टाकायचा, हळवं बियाणं घ्यायचं का गरवं, एवढ्यापुरता तो चांगला.

चौथं, खारेपाटातल्या लोकांनी अंदाजाबरोबर भरतीचं वेळापत्रक ठेवायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोराचा पाऊस आला, की उघाडीतून पाणी बाहेर जात नाही आणि बांधाला धोका असतो. पावसाचा आकडा तोच, पण अष्टमीला आणि पौर्णिमेला त्याचा अर्थ वेगळा.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. अंदाज आणि शेत यांच्या मध्ये एक माणूस लागतो, जो म्हणेल की "आर्द्रता वाढतेय, करपा येईल, भाताकडे बघा." कृषी विज्ञान केंद्रांमध्ये अशी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं देशभर सुरू झाली होती. २०२४ च्या मार्चअखेर ती बंद करण्यात आली. कारण असं सांगितलं गेलं की माहिती आता आपोआप मिळते. आकडे आपोआप मिळतात हे खरं. पण आमच्या वाडीतली सुपारी आणि शेजारच्या तालुक्यातला पांढरा कांदा यांना एकाच आकड्याचा वेगवेगळा सल्ला लागतो, तो यंत्र देत नाही. अकरा नंबरचा बावटा मला इथे आठवतो. केंद्राशी संपर्क तुटणं हाच मोठा धोका. शेतकरी गटांनी, ग्रामसभांनी हे लिहून मागितलं पाहिजे.

आणि आपल्या हातात आहे ते आपण करू. सरळ कडांचा डबा घ्या, झाडाच्या आणि घराच्या आडोशापासून लांब, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, तारीख घालून वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खात्याचा दिवससुद्धा साडेआठलाच बदलतो, म्हणजे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी लावून बघता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला साधारण शंभर लिटर पाणी. दोन-तीन पावसाळे नोंद ठेवली, की मंडळाच्या यंत्रापेक्षा तुमच्या शेतात किती जास्त-कमी पडतो ते कळेल. अंदाज तुमच्या बांधाला कसा लावायचा तेही त्यातून कळेल, आणि पीकविम्याच्या वेळी बोलायला हातात कागद राहील.

केरो लक्ष्मण छत्रे कुलाब्याच्या बेटावर बसून हेच करत होते. यंत्रं साधी होती, पण नोंद रोजची होती. मृगाच्या आधी डबा बसवून घ्या.